सिंत्राच्या डोंगरात आणि कड्यांवर धावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिस्बनला नोकरी-शिक्षणासाठी आलेली मराठी मंडळी वाढत आहेत आणि त्यात धावणारेही बरेच आहेत. सुट्टीत चार दिवस येणारेही बुटांची जोडी बॅगेत टाकूनच येतात. लिस्बनजवळच्या सिंत्रा या डोंगरातल्या गावाबद्दल मला तेच तेच प्रश्न विचारले जातात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे. बहुतेक वाटा मी स्वतः अनेकदा धावलो आहे. अंतरं ढोबळ आहेत, घड्याळात थोडा फरक पडेल.

लिस्बनमध्ये नदीकाठ आहे, मग धावायला सिंत्राला कशाला जायचं?

नदीकाठ सुंदरच आहे, पण तो सपाट आणि उघडा आहे. सिंत्रा लिस्बनपासून ट्रेनने चाळीस मिनिटांवर आणि तिथे हवाच वेगळी. अटलांटिकवरून येणारं बाष्प सिंत्राच्या डोंगराला अडतं, धुकं होतं, झाडांच्या पानांवरून ठिबकत राहतं. लिस्बन उन्हाने तापलेलं असतं तेव्हा इथे दगडांवर शेवाळ ओलं असतं. सह्याद्रीत ज्यांचा जीव रमतो त्यांना इथे पहिल्या दहा मिनिटांत आपल्या गावी आल्यासारखं वाटतं. दगड मात्र वेगळा आहे. आपला काळा बसाल्ट थरांथरांचा. इथला ग्रॅनाइट गोल गरगरीत, घराएवढाले धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे. हा डोंगर सुमारे आठ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात थिजलेल्या शिलारसाचा बनलेला आहे, म्हणजे आपल्या दख्खनच्या पठारापेक्षाही जुना.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. सिंत्रा बघायला येणारे बहुतेक लोक एका राजवाड्याच्या रांगेतून दुसऱ्या राजवाड्याच्या रांगेत उभे राहतात आणि थकून परत जातात. १९९५ साली युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा म्हटलं ते एकट्या राजवाड्यांसाठी नव्हे, डोंगर, बागा, मठ, किल्ला असं सगळं मिळून जे एक दृश्य होतं त्यासाठी. ते दृश्य पायाखालीच कळतं. सकाळी सात वाजता, गर्दी यायच्या आधी, डोंगर तुमचा असतो.

पोचायचं कसं आणि सुरुवात कुठून करायची?

लिस्बनच्या रोस्सिओ स्टेशनवरून थेट लोकल आहे. गाडी घेऊन येऊ नका. जुन्या गावातले रस्ते अरुंद आहेत, पार्किंग मिळत नाही आणि बऱ्याच ठिकाणी बाहेरच्या गाड्यांना मज्जावच आहे. सिंत्रा हे शेवटचं स्टेशन, त्यामुळे उतरायचं चुकत नाही. मी स्टेशनबाहेरच बुटांच्या नाड्या बांधतो आणि वोल्ता दो दूशे या रस्त्याने निघतो. दरीच्या कडेने वळणं घेत जाणारा हा साधारण एक किलोमीटरचा रस्ता जुन्या गावात राजवाड्यासमोर पोचतो. चढ-उतार नावालाच. मधे मूरिश, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुसलमानांच्या, धाटणीचं एक निळ्या टाइल्सचं कारंजं लागतं आणि समोर राजवाड्याच्या स्वयंपाकघराच्या दोन पांढऱ्या शंकूसारख्या चिमण्या दिसायला लागतात. वॉर्मअपसाठी याहून बरा रस्ता मला तरी ठाऊक नाही.

पहिल्याच दिवशी कुठली वाट घ्यावी?

स्टेशन ते मोन्सेरात, म्हणजे बाग असलेला एक राजवाडा, आणि परत. जाऊन-येऊन नऊ-दहा किलोमीटर, सगळा डांबरी रस्ता, बराचसा सावलीतला. जुन्या गावातून पुढे रेगालेइरा या जुन्या बागबंगल्याच्या भिंतीला लागून जायचं, मग सेतेआइश या राजवाड्याच्या कमानीतून क्षणभर आत डोकावायचं. कमानीच्या चौकटीत डोंगरावरचा पेना राजवाडा दिसतो. तिथून मोन्सेरातपर्यंत रस्ता किंचित वरखाली होत राहतो.

एक सावधगिरी बाळगा. या रस्त्याला फुटपाथ नाही आणि दोन्ही बाजूंना भिंती आहेत. नऊनंतर टूरिस्ट गाड्या आणि टुकटुक सुरू होतात आणि वळणावर अंग चोरायलाही जागा राहत नाही. म्हणून हा रस्ता सकाळी लवकरच. समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने धावा आणि कानात काही घालू नका.

या रस्त्यावर भारतातून आणलेला शिलालेख आहे असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे, आणि माझ्यासाठी ही वाट खास आहे ती त्यामुळेच.

सेतेआइशच्या पुढे पेन्या व्हेर्द नावाची जुनी वाडी आहे. ती झ्वांव द काश्त्रू याची. गोव्याच्या इतिहासात हे नाव येतं. हा पोर्तुगीजांचा भारतातला चौथा व्हाइसरॉय, १५४८ मध्ये गोव्यातच वारला. १५४६ च्या वेढ्यानंतर दीवचा किल्ला पुन्हा उभारायला पैसे हवे होते, तेव्हा त्याने गोवेकरांकडे कर्जासाठी तारण म्हणून स्वतःची दाढी पाठवली, ही गोष्ट पोर्तुगालमध्ये शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. व्हाइसरॉय होण्याच्या आधी, १५३८-३९ मध्ये, त्याने गोव्यापासून दीवपर्यंतचा किनारा जहाजातून पाहून त्याची तपशीलवार नोंद केली. त्या नोंदींत आपल्या घारापुरीच्या लेण्यांचं वर्णन आहे. एलिफंटाला आपण शाळेच्या सहलीला जातो, त्या लेण्यांबद्दल लिहिणारा माणूस या भिंतीपलीकडे राहत होता हे कळल्यापासून इथे माझे पाय आपोआप हळू पडतात.

आता शिलालेखाबद्दल. सोमनाथ-वेरावळ इथला, वाघेला राजा सारंगदेव याच्या काळातला, इसवी सन १२८७ चा संस्कृत लेख समुद्रमार्गे या वाडीत येऊन पोचला. अभ्यासक आजही त्याला ‘सिंत्रा प्रशस्ती’ म्हणूनच ओळखतात. मात्र ही वाडी खाजगी आहे. भिंतीवर चढून डोकावणं, फाटकाशी रेंगाळणं असं काही करू नका. बाहेरून धावत जाताना माहीत असणं एवढं पुरे आहे.

पुढे मोन्सेरातलाही हाच धागा आहे. गोव्यात व्हाइसरॉय म्हणून राहून आलेल्या कायतानु द मेलु इ काश्त्रू याने अठराव्या शतकात ही जागा घेतली होती. आजचा राजवाडा एकोणिसाव्या शतकातला, फ्रान्सिस कुक या इंग्रज कापड व्यापाऱ्याने बांधवलेला. आत दगडी जाळीचं काम आहे, आणि बागेतल्या वाटेवर भारतातून आणलेली एक कोरीव कमान उभी आहे. १८५७ च्या उठावानंतर ती कुकच्या हाती आली. लुटीचा माल परदेशातल्या बागेत शोभेला उभा पाहून मन खिन्न होतं, तरी ती कमान बघावी असंच मी म्हणेन. बागेला तिकीट आहे. धावून झाल्यावर सावकाश चालत बघा.

पेना राजवाड्यापर्यंत धावत चढता येतं का?

येतं. गाव साधारण दोनशे मीटर उंचीवर आहे आणि राजवाड्याच्या फाटकापर्यंत अजून दोन-अडीचशे मीटर चढ. अंतर वाटेनुसार दोन ते साडेतीन किलोमीटर. पुण्यातून दर रविवारी सिंहगड चढणाऱ्यांना हा चढ लहान वाटेल. पण सिंहगडाची सवय नसलेल्यांनी पहिला अर्धा भाग चालतच चढावा, वर धावायला भरपूर जागा आहे.

तीन वाटा आहेत. डांबरी रस्त्याने जाऊ नका, बसगाड्यांचा धूर आणि नागमोडी वळणं. दुसरी सांता मारिया चर्चजवळून जाणारी जुनी दगडी वाट, ती मूर किल्ल्याच्या बाजूने वर जाते. तिसरी माझी आवडती, विला सास्सेत्तीच्या बागेतून. ही बाग आणि घर १८९० च्या सुमाराचं, लुईजी मानीनी या इटालियन कलावंताने रचलेलं. रेगालेइराही त्याचीच. बागेतल्या वाटेला तिकीट नाही. पण तिला फाटक आहे आणि ते ठरलेल्या वेळी उघडतं-बंद होतं, तेव्हा फार पहाटे जाणार असाल तर सांता मारियाची वाट धरा. सास्सेत्तीच्या वरच्या अंगाला प्रस्तरारोहण करणाऱ्यांचा एक मोठा कडा लागतो. सकाळी तिथे दोर लावणारी मुलं दिसतात. मान वर करून बघत धावू नका, पायऱ्या उंच-सखल आहेत.

तिकीट कुठे लागतं, कुठे नाही?

पेनाचा राजवाडा आणि त्याभोवतीचं उद्यान, मूर किल्ला, मोन्सेरात, कापूशुश मठ या कुंपणाच्या जागा आहेत, आत तिकीट. डोंगराचं सर्वोच्च टोक क्रूझ आल्ता, म्हणजे दगडी क्रूस असलेली सव्वापाचशे मीटरच्या थोडी वरची जागा, पेनाच्या उद्यानातच येते, त्यामुळे तिथे जायलाही तिकीट. बाकी जंगलातल्या वाटा, किनारा, कडे सगळं मोकळं आहे. पेनाच्या उद्यानात हिवाळ्यात कॅमेलिया फुललेला असतो आणि दरीत झाडाएवढाले नेचे आहेत. तिथे धावण्यापेक्षा रमावं.

कापूशुश मठ वाटेत येतो का? थांबण्यासारखा आहे का?

डोंगरमाथ्याने पश्चिमेला निघालात की येतोच. माझं मत विचाराल तर सिंत्रात एकाच ठिकाणी तिकीट काढायचं असेल तर ते इथे काढा.

इथेही तोच धागा. गोष्ट अशी सांगतात की झ्वांव द काश्त्रू शिकारीत हरणामागे धावताना जंगलात भरकटला, एका मोठ्या खडकाखाली झोपला आणि इथे देवाचं घर बांध असा दृष्टांत त्याला झाला. त्याच्या हयातीत ते जमलं नाही. मुलाने, आल्वारो द काश्त्रूने, १५६० मध्ये बापाचा नवस फेडला. फ्रान्सिस्कन पंथाच्या गरिबीचं व्रत घेतलेल्या साधूंसाठी धोंड्यांच्या कपारींतच खोल्या काढल्या. दारं इतकी बुटकी की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. दारांना, छताला, खिडक्यांना बुचाच्या झाडाची साल ठोकलेली आहे, थंडी आणि ओल आत येऊ नये म्हणून. घामेजल्या हाताने त्या सालीला स्पर्श केला तर ती उबदार लागते. बाहेर धुकं असतं आणि हाताखाली ही कोरडी, खडबडीत, जिवंत वाटणारी साल असते. १८३४ मध्ये पोर्तुगालने धार्मिक संघ बरखास्त केले, तेव्हापासून इथे कोणी राहत नाही.

पुढे दक्षिणेकडे आलेंतेझूला गेलात तर बुचाची झाडं अगदी जवळून बघा. साल काढलेलं खोड तांबूस लाल असतं आणि त्यावर पांढऱ्या रंगात एक आकडा लिहिलेला असतो, तो साल काढलेल्या वर्षाचा शेवटचा अंक. पुन्हा साल काढायला नऊ वर्षं थांबावं लागतं.

सिंत्रा ते काबो दा रोका असं एका दमात धावता येईल का?

ही इथली सगळ्यात देखणी वाट. गावातून डोंगरमाथा, माथ्याने मठ, मठाकडून पेनीन्याचं देऊळ, तिथून खाली आझोया गाव आणि शेवटी युरोप खंडाच्या मुख्य भूमीचं पश्चिमेकडचं शेवटचं टोक. एकूण अठरा ते वीस किलोमीटर. ज्याला डोंगरात हाफ मॅरेथॉन झेपते त्याला ही झेपेल. मी तीन तास धरतो, थांबत थांबत.

पहिला चढ सोसला की माथ्यावरचा रस्ता झाडांच्या बोगद्यातून जातो. मठापर्यंत रस्त्याला समांतर पायवाटाही आहेत. मठानंतर झाडं हळूहळू विरळ होतात, समुद्राचा वारा लागायला लागतो आणि एका वळणावर समोर खडकांवर पेनीन्या दिसतं. लहानसं देऊळ आहे, पण जागा अशी की पाय थांबतातच. एका बाजूला गिंशोच्या पुळणीची वाळू आणि कश्काइश हे किनाऱ्यावरचं गाव, दुसऱ्या बाजूला काबो दा रोकाचा दीपस्तंभ, मधे नुसता अटलांटिक. मी तिथे दहा मिनिटं तरी बसतो. घाम वाऱ्याने गार होतो, तेव्हा जॅकेट इथेच बाहेर काढायचं.

पेनीन्याहून खालची वाट मोकळ्या खडीची आहे आणि गुडघ्यांची परीक्षा घेते. लहान पावलं टाका, टाच रोवू नका. पुढे मोठा रस्ता ओलांडावा लागतो, तिथे गाड्या वेगात येतात. आझोया गेलं की शेवटचा पट्टा वाऱ्याचा. टोकाला कडा सुमारे १४० मीटर उंच, दीपस्तंभ अठराव्या शतकातला. टूरिस्ट ऑफिसात पैसे देऊन इथे येऊन गेल्याचं प्रमाणपत्र मिळतं. मी पहिल्यांदा धावत गेलो तेव्हा घेतलं, घरी फ्रेम करून लावलं आहे.

परतीला काबो दा रोकाहून सिंत्राला आणि कश्काइशला बस मिळते. वेळा आधी बघून ठेवा, कारण एक बस चुकली तर त्या वाऱ्यात थांबणं कठीण जातं.

धुक्यात वाट चुकते का?

चुकते. मी चुकलो आहे. नोव्हेंबरात पेनीन्याच्या अलीकडे ढग खाली उतरला आणि दहा पावलांपलीकडचं दिसेना. वाट माहितीची होती, म्हणून फोन काढला नाही. पाऊण तासाने ज्या कापलेल्या निलगिरीच्या ओंडक्याजवळून गेलो होतो त्याच ओंडक्याजवळ परत आलो. आपल्याकडे म्हणतात तसा चकवाच लागला. डोंगर लहान आहे म्हणून जिवावर बेतलं नाही, पण अंधार पडायला तासभरच राहिला होता आणि मी ओला झालो होतो.

तेव्हापासून मी नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवतो, म्हणजे नेटवर्क नसतानाही चालतो. धुकं आलं की पायवाट सोडून डांबरी रस्ता गाठतो. आणि थंडीच्या महिन्यांत कपाळावरचा दिवा बरोबर ठेवतो. डिसेंबरात इथे सव्वापाचलाच सूर्य बुडतो आणि सकाळी पावणेआठशिवाय उगवत नाही, जंगलात त्याच्याही आधी काळोख होतो.

वाटेवरच्या रंगीत खुणांचा अर्थ काय?

दगडांवर, खांबांवर, झाडांवर दोन आडव्या पट्ट्या दिसतील. पिवळी-लाल म्हणजे लहान पल्ल्याची वाट, पांढरी-लाल म्हणजे लांब पल्ल्याची. दोन समांतर पट्ट्या: बरोबर चालला आहात. फुली: इकडे वाट नाही, मागे फिरा. पट्टी एका बाजूला वळलेली: वळण येतं आहे. पाच मिनिटं एकही खूण दिसली नाही तर शेवटच्या खुणेपर्यंत मागे जा, पुढे सापडेल या आशेवर राहू नका. वादळात झाडं पडतात तेव्हा खुणाही जातात. जानेवारी २०१३ च्या वादळात इथल्या उद्यानांत हजारो झाडं कोसळली होती.

समुद्रकाठच्या कड्यांवरून धावणं धोक्याचं आहे का?

वाट धोक्याची नाही, कडा आहे. काबो दा रोकाच्या उत्तरेला अद्रागा, प्राया ग्रांद, प्राया दश मासांश आणि अझेन्याश दू मार अशी किनाऱ्याची वाट जाते. प्रत्येक पुळणीला उतरायचं आणि पुन्हा चढायचं, त्यामुळे आकड्यांपेक्षा दमछाक जास्त होते.

कड्यांवर चोरांव नावाची जाड पानांची वेल पसरलेली असते. वसंतात तिला पिवळी-गुलाबी फुलं येतात आणि फोटोला फार छान दिसते. ती इथली नाही, दक्षिण आफ्रिकेतून आलेली. स्थानिक रोपांची जागा तिने बळकावली आहे. धावणाऱ्याने तिच्याबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवावी. तिची पानं पाण्याने भरलेली असतात, पाऊल पडलं की फुटतात आणि बूट साबणावरून गेल्यासारखा सटकतो. कड्याच्या काठाला ती नेमकी जमिनीची कड झाकून टाकते. कुंपणाच्या पलीकडे फोटोसाठीसुद्धा जायचं नाही. या कड्यावरून माणसं पडून दगावली आहेत.

उर्साची पुळण वरून बघा. तिथे उतरणारी वाट उभी आणि घसरडी आहे, ती धावण्याची नव्हेच.

प्राया ग्रांदच्या दक्षिण टोकाला मात्र जरूर थांबा. तिथल्या जिन्याजवळ उभ्या झालेल्या चुनखडीच्या थरावर डायनोसॉरच्या पावलांचे ठसे आहेत, दहा-अकरा कोटी वर्षांपूर्वीचे. चिखलात उमटलेली पावलं दगड झाली आणि पुढे जमिनीच्या हालचालींनी तो थर भिंतीसारखा उभा राहिला. सकाळच्या तिरप्या उन्हात ठसे स्पष्ट दिसतात. माझ्या भाच्याने तिथे आपलं पाऊल हवेत धरून माप घेतलं होतं.

चढ नको, सपाट वाट आहे का?

कश्काइश ते गिंशो. समुद्राला लागून सायकल आणि पायी जाणाऱ्यांसाठी वेगळा पट्टा, एका बाजूचं अंतर नऊ-दहा किलोमीटर. बोका दू इन्फेर्नू ही लाटा आदळणारी घळ वाटेत लागते. उन्हाळ्यात दुपारी उत्तरेचा वारा सुटतो, नोर्ताद म्हणतात त्याला, आणि गिंशोला वाळू पायांवर सुयांसारखी टोचते. म्हणून सकाळी जा. वारा समोरून घेत जायचं आणि पाठीवर घेत परतायचं, उलटं नको.

उन्हाळ्यात जंगल बंद असतं असं म्हणतात, ते का?

वणव्याच्या भीतीने. धोका फार वाढला की प्रशासन डोंगरातला प्रवेश बंद करतं, राजवाडे आणि बागाही बंद होतात. लांबून आलेल्या माणसाचा हिरमोड होतो हे मी समजू शकतो. पण सप्टेंबर १९६६ मध्ये या डोंगरात वणवा विझवताना २५ सैनिक जळून गेले. ऑक्टोबर २०१८ मध्ये पेनीन्याजवळ लागलेली आग जोरदार वाऱ्याने थेट कश्काइशच्या दिशेने पसरली आणि रात्रीतून वस्त्या रिकाम्या कराव्या लागल्या. निलगिरी, पाइन आणि बाभळीच्या जातीची परदेशी झाडं भराभर पेटतात. बंदी असेल त्या दिवशी अडथळा ओलांडून आत जाऊ नका, कुणी बघत नसलं तरीही. त्या दिवशी कश्काइश-गिंशो करा.

कुठल्या महिन्यांत यावं? बूट कोणते?

एप्रिल ते जून आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. हिवाळ्यात पाऊस असतो, पण पावसाळ्यात घाटात धावणाऱ्या माणसाला तो त्रासदायक वाटणार नाही.

बूट ट्रेलचे, चांगल्या पकडीचे. तीन गोष्टी पाय सरकवतात: ओल्या ग्रॅनाइटवरचं शेवाळ, निलगिरीच्या गळलेल्या सालीच्या लांब पट्ट्या आणि गावातली पांढऱ्या चुनखडीच्या चौकोनी तुकड्यांची फरसबंदी. त्यातली तिसरी सगळ्यात फसवी. डोंगर नीट उतरून गावात घसरणारे मी पाहिले आहेत.

पाणी आणि खाणं?

डोंगरावर पाण्याचा भरवसा धरू नका, लिटरभर बरोबर ठेवा. जुनी दगडी कारंजी ठिकठिकाणी आहेत. पण ‘आग्वा नांव कोंत्रुलाद’ अशी पाटी असेल तर त्या पाण्याची तपासणी होत नाही असा अर्थ. तिथे तोंड धुवा, पिऊ नका.

धावून झाल्यावर गावात ट्राव्हेसेइरू मिळतो, उशीच्या आकाराचा गरम, खुसखुशीत, आत बदाम आणि अंड्याच्या बलकाचं सारण. केइजाद हे चीज आणि दालचिनीचं छोटं गोड. दोन्हींत अंडं असतं, अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. शाकाहाऱ्यांनी सूप घेतानाही विचारावं, काल्दु व्हेर्द नावाच्या हिरव्या सूपमध्ये बहुधा सॉसेजचा काप असतो. ‘सें कार्न, सें पेइश’, मांस नको, मासा नको, एवढं म्हटलं की काम होतं.

एकटीने धावणं सुरक्षित आहे का? प्राण्यांचं काय?

माझी बायको गावाकडच्या वाटांवर आणि मोन्सेरातच्या रस्त्यावर एकटी धावते. माथ्यावरच्या जंगलात मात्र आम्ही दोघं मिळूनच जातो, मी एकटा गेलो तर घरी वाट आणि परतीची वेळ सांगून जातो. अडचणीत ११२ हा क्रमांक.

जंगलात रानडुकरं आहेत, पण ती माणसाची चाहूल लागताच निघून जातात. त्रास लहान जिवांचा. गोचिडी असतात, घरी आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, कमरपट्ट्याखाली नीट बघा. आणि थंडी सरताना पाइनच्या झाडांखाली सुरवंटांची एकामागोमाग एक अशी लांब रांग चाललेली दिसली तर लांबून जा. त्यांचे केस अंगाला लागले की भयंकर खाज आणि पुरळ उठतं. मुलांना आणि कुत्र्यांना तिथे अजिबात जवळ जाऊ देऊ नका.

आई-बाबा भारतातून आलेत. त्यांना घेऊन कसं जमवायचं?

त्यांना वोल्ता दो दूशेवर सकाळची चक्कर मारू द्या, बसायला बाक आहेत, सावली आहे. तुम्ही तोवर वर जाऊन या. मग सगळ्यांनी मिळून सिंत्राहून प्राया दश मासांशला जाणारी जुनी ट्राम घ्या. १९०४ पासूनची ही लाल ट्राम द्राक्षमळ्यांच्या आणि घरांच्या कडेने बारा-एक किलोमीटर डुलत समुद्रापर्यंत जाते. ती वर्षभर रोज असतेच असं नाही, आधी चौकशी करा. बाबांना ट्राम बघून जुन्या मुंबईची आठवण येईल. माझ्या बाबांना आली होती. पूर्ण प्रवासभर ते किंग्ज सर्कलबद्दल बोलत राहिले.

एखादी स्पर्धा आहे का?

‘फीं दा युरोपा’, म्हणजे युरोपचा शेवट. सिंत्रा गावातून काबो दा रोकापर्यंत साधारण सतरा किलोमीटर, डांबरी रस्त्याने, थंडीच्या दिवसांत. सुरुवातीचे काही किलोमीटर सलग चढ, मग माथा, मग समुद्राकडे लांबलचक उतार. साताऱ्याची हिल मॅरेथॉन धावलेल्यांना चढाचं गणित लगेच कळेल. फक्त तिथे उतरून गावात येतो, इथे उतरून समुद्रावर. उतारावर मांड्या भरून येतात, म्हणून सरावात उतरणंही धरा. नोंदणी लवकर करा.

पोर्तुगीज येत नसेल तर अडतं का?

अडत नाही, गावात इंग्रजी चालतं. डोंगरापलीकडच्या लहान वस्त्यांत म्हातारी माणसं भेटतात, त्यांच्याशी ‘बों दीय’ म्हणत हात वर केला की चेहरा उजळतो. आणि तुमच्या तोंडात आधीच किती पोर्तुगीज आहे ते दुकानात गेल्यावर कळेल. पाव, अननस, काजू, कोबी, साबण, चावी, बादली, घमेलं हे सगळे शब्द इथूनच आपल्याकडे आले. आझोयात एका आजीबाईंच्या दुकानात मी पाव मागताना ‘पांव’ म्हणालो, तर त्यांनी विचारलं, उच्चार गोव्याचा आहे का? मी म्हटलं, गोव्याच्या थोडं वर, रत्नागिरीचा. त्यांनी पाव कागदात गुंडाळला, वर एक संत्रं ठेवलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.